गुरुजींच्या टेबलावर सफरचंद आलं कुठून?

5 सप्टेंबर जवळ आला की नगर जिल्ह्यातल्या (सरकारदरबारी आता अहिल्यानगर) शाळांच्या फलकांवर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र हमखास येतं: पुस्तकांची चळत आणि वर लालभडक सफरचंद. गुरूला फळ द्यायची ही आपली प्राचीन परंपरा, असा समज त्यातून पक्का होतो. पण हे सफरचंद आपलं नाही आणि फारसं प्राचीनही नाही.

ते अमेरिकेचं. तिथल्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकात मास्तरांना रोख पगार जेमतेम मिळे. ते आळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहत, तिथेच जेवत. ज्याच्या घरी जे पिके ते शाळेत येई. सफरचंदं उदंड, म्हणून सफरचंद. पुढे विसाव्या शतकात तिकडे 'सफरचंद चकाकवणारा' म्हणजे लाळघोट्या असा अर्थ रूढ झाला आणि 1939 साली बिंग क्रॉस्बीने शिक्षकाच्या सफरचंदावर गाणंही गायलं. चित्र जगभर गेलं ते असं.

मग नगरला अमेरिकन मिशन 1831 पासून होतं, त्यांनीच ही रीत आणली असेल? तर्क मोहात पाडणारा, पण काळ जुळत नाही. या मिशनच्या सिंथिया फरार बाई अमेरिकेतून निघाल्या 1827 मध्ये, सफरचंदाचं हे चित्र घरोघरी पोचण्याच्या शंभरेक वर्षं आधी. 1839 मध्ये त्या नगरला आल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं. नगरच्या पदरात पडलं ते हे.

आपल्याकडच्या पंतोजींबद्दलही असाच एक गोड गैरसमज आहे: ते बलुतेदार होते, गाव त्यांना पोसायचं. बारा बलुतेदारांच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट सापडतात; पंतोजी नाही. सुताराला खळ्यावर हक्काने धान्य मिळे. पंतोजीला मात्र पोरांच्या आईबापांकडून महिन्याचे पैसे किंवा शेर-पायली धान्य गोळा करावं लागे. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, 1820 च्या दशकात, मुंबई सरकारने गावठी शाळांची चौकशी केली तेव्हाही हेच चित्र दिसलं. थोडक्यात, ज्याला आपण भक्तिभावाने दिलेली भेट समजतो तो तुकड्यातुकड्यांनी येणारा पगार होता. अमेरिकेत तेच, इथेही तेच.

गुरुदक्षिणेचंही जरा वेगळं आहे. मनुस्मृतीप्रमाणे शिक्षण पुरं होण्याआधी गुरूला काही द्यायचं नाही. मग ऐपतीप्रमाणे जमीन, सोनं, गाय, घोडा, छत्री, वहाणा, धान्य, अगदी भाजीसुद्धा चालते. आषाढातली गुरुपौर्णिमा व्यासांची, शिक्षक दिन राधाकृष्णन यांच्या जन्मदिवसाचा, 1962 पासूनचा. दोन्हींत सफरचंद नाही.

नगरच्या जिराईत पट्ट्यात सफरचंद पिकतही नाही. इथल्या पोरांच्या दप्तरातून शाळेत येतात ती बोरं, राहात्याकडे पेरू, थंडीत ज्वारीचा हुरडा आणि हरभऱ्याचे डहाळे. डहाळ्यांची आंब पोरांच्या बोटांना लागते, वह्यांच्या कडांना लागते, गुरुजींच्या हजेरीपटालाही लागते. शिक्षक दिनाला वर्गणी काढून आणलेल्या घड्याळापेक्षा हा ऐवज मला बरा वाटतो; त्यात कुणाच्या बापाला उसने पैसे काढावे लागत नाहीत.

आणि शेवटचा गैरसमज: आता मास्तरांना भरपूर पगार, त्यामुळे शिध्याचा काळ संपला. कायम झालेल्यांपुरतं हे खरं. पण नवा शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. प्राथमिक शाळेत त्याचं मानधन 2023 मधल्या वाढीनंतर महिना 16,000 रुपये झालं, त्याआधी ते 6,000 होतं. विनाअनुदानित शाळांत तर अनुदानाची वाट पाहत बिनपगारी शिकवणारे आजही आहेत.