शेताचे बांध व शेतकऱ्यांचे आक्षेप

"बांध घातल्यानें रान बिघडतें," असें म्हणणारे शेतकरी नागपूर जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. त्यांचें म्हणणें अडाणीपणाचें समजून सोडून देणें योग्य नव्हे. त्यांच्या तीन मुख्य आक्षेपांचा येथें विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, बांधाखालीं जमीन वायां जाते. एक एकराच्या चौरस शेतांत ५ फूट रुंद बुडाचा एक बांध आडवा घातल्यास सुमारें १ गुंठा, म्हणजे चाळिसावा हिस्सा जागा अडते. उलटपक्षीं, त्याच एकरावरील केवळ एक इंच मातीचें वजन सुमारें १३० टन भरतें. आणि धुपतांना बारीक कसदार माती व तिजबरोबर घातलेलें खतही आधीं वाहून जातें. गुंठ्याचें नुकसान डोळ्यांस दिसतें, मातीचें दिसत नाहीं, एवढाच भेद.

दुसरा आक्षेप, बांधाच्या पोटाशीं पाणी तुंबून पऱ्हाटी पिवळी पडते. भारी काळ्या जमिनीपुरता हा आक्षेप खरा आहे. ती माती भिजून फुगली म्हणजे पाणी फार सावकाश मुरतें व मुळांस हवा मिळत नाहीं. सोलापुराकडे पाऊस थोडा, म्हणून तेथें पाणी अडवून धरणें हितावह. आपल्याकडे तो वर्षास ४० इंचांहून अधिक, आणि बहुतेक चार महिन्यांतच पडतो. जुन्या बंदोबस्तांत येथील जमिनी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशा प्रतींनीं लिहिल्या आहेत. उपायही प्रतीप्रमाणें बदलला पाहिजे. काळींत बांधास किंचित् उतार द्यावा व जादा पाणी दगडी सांडव्यावरून नाल्यास लावावें. खरडी व बरडींत मात्र तें मुरवावें. पावसानें ताण दिला असतां तीच ओल तूर-ज्वारीस उपयोगीं पडते.

तिसरा आक्षेप, वरच्याचा बांध फुटला कीं खालच्याचें शेत खरडून जातें. महसुली नोकरींत असे तंटे आम्हीं पुष्कळ पाहिले. बहुधा बांध धुऱ्याच्या सरळ रेषेवर घातलेला असतो. परंतु पाण्यास सर्व्हे नंबर ठाऊक नसतो, तें उताराकडेच धांवतें. मुंबई प्रांतांत १९४२ सालीं जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, त्यांत एकेका शेताऐवजीं सबंध क्षेत्राची योजना आंखण्याची तजवीज होती, ती याच कारणास्तव. शेजाऱ्यांनीं उन्हाळ्यांतच एकत्र बसून सांडव्याची जागा ठरवावी, आणि कामास वरच्या शेतापासून आरंभ करावा.

ज्यांस यंदा बांध घालणें शक्य नसेल, त्यांनीं निदान वखरणी व पेरणी उतारास आडवी करावी. त्यास वेगळा खर्च लागत नाहीं.