बालछळ प्रतिबंध

पालक, पालनकर्ते किंवा ज्यांच्या ताब्यात मूल आहे अशा अन्य व्यक्ती यांच्याकडून मुलास पोहोचणारी शारीरिक, मानसिक वा लैंगिक इजा म्हणजे बालछळ होय. अन्न, वस्त्र, औषधोपचार, शिक्षण व देखरेख या मूलभूत गरजांची पूर्ती न होणे यास हेळसांड म्हणतात. छळाच्या खुणा अंगावर दिसू शकतात व त्याची बातमी होते. हेळसांड दीर्घकाळ चालते आणि ती पुष्कळदा दारिद्र्यात मिसळून गेलेली असते. त्यामुळे लोकजागृती व कायदे यांचा ओघ प्रायः छळाकडेच राहिला आहे.

घरातील मुलांच्या संरक्षणार्थ संघटित प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. न्यूयॉर्क येथे १८७४ मध्ये मेरी एलेन या मुलीला मारहाण करणाऱ्या पालनकर्तीच्या ताब्यातून सोडविण्यासाठी प्राणिरक्षण संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांनी पुढाकार घेतला. (त्या मुलीस प्राणी ठरवून प्राणिविषयक कायद्याखाली सोडविले, ही लोकप्रिय कथा खरी नाही.) पुढील वर्षी तेथे बालछळ प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १८८९ साली याविषयीचा कायदा संमत झाला. भारतात संमतिवयाचा वाद याच काळातील. विवाहित बालिका फुलमणी हिच्या मृत्यूबाबतचा कलकत्त्यातील १८९० चा खटला आणि मुंबईचे पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी चालविलेली मोहीम यांतून १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा वर्षे करण्यात आले. सामाजिक बाबतीत परकी सरकारने हस्तक्षेप करू नये, या भूमिकेवरून लोकमान्य टिळकांनी विधेयकास विरोध केला होता. घराच्या उंबरठ्याआड कायद्याने किती यावे, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या चळवळीचा जोर ओसरला. तिला नवी चालना क्ष-किरणशास्त्राने दिली. अमेरिकन क्ष-किरणतज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये तान्ह्या मुलांच्या मेंदूलगतचा रक्तस्राव व हातापायांच्या हाडांचे अस्थिभंग एकत्र आढळतात, असे दाखविले. हेन्री केंप व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये अशा इजांना ‘मारहाण झालेल्या बालकाचे लक्षणसमूह’ हे नाव दिले. त्यांच्या पाहणीस उत्तर देणाऱ्या ७१ रुग्णालयांत वर्षभरात ३०२ प्रकरणे नोंदली गेली होती. त्यांपैकी ३३ मुले दगावली व ८५ मुलांच्या मेंदूस कायमची इजा झाली. संख्या मोठी नव्हती. पण नाव मिळताच वृत्तपत्रांनी विषय उचलून धरला आणि १९६७ पर्यंत अमेरिकेच्या सर्व घटक राज्यांनी अशा प्रकरणांच्या नोंदीविषयी कायदे केले. सिनेटर वॉल्टर माँडेल यांनी पुढाकार घेतलेला केंद्रीय कायदा १९७४ मध्ये झाला. त्यापूर्वी, १९७१ मध्ये, बालसंगोपनाच्या व्यापक विधेयकास राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला होता. हा अनुभव लक्षात घेऊन बालछळाचा प्रश्न सर्व थरांतील कुटुंबांचा म्हणून मांडला गेला, केवळ गरिबांचा म्हणून नव्हे. त्यामुळे एकमत साधले. मात्र दारिद्र्य, बेकारी व निवास यांच्याशी हेळसांडीचा असलेला संबंध मागे पडला. नोंदींची संख्या १९७६ मध्ये सु. ६·६९ लाखांवर गेली, परंतु त्या प्रमाणात कुटुंबांना साहाय्य देणाऱ्या सेवा वाढल्या नाहीत. निव्वळ तक्रार नोंदविण्यावर भर देणाऱ्या जागृतीची ही मर्यादा होय.

स्वीडनने निराळा मार्ग धरला. घरातही मुलास शारीरिक शिक्षा करण्यास १९७९ मध्ये बंदी घालणारे ते जगातील पहिले राष्ट्र. या तरतुदीस स्वतंत्र दंड जोडलेला नव्हता. पालकांना गुन्हेगार ठरविण्यापेक्षा लोकरूढी बदलणे हा तिचा हेतू होता. त्यासाठी मुले असलेल्या घरोघरी माहितीपत्रक पोहोचविण्यात आले आणि दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर कायद्याची माहिती छापण्यात आली, म्हणजे सकाळच्या न्याहारीच्या वेळीच ती आईवडील व मुले यांच्या समोर येई. पुढे साठांहून अधिक देशांनी असे कायदे केले.

भारतात मुंबई बालक अधिनियम १९२४ चा. मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनिसेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस (१९८९) भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली. गोव्याने २००३ मध्ये स्वतंत्र बालक कायदा केला. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी ५३·२२ टक्के मुलांनी एका वा अधिक प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. या आकड्याने ‘आपल्याकडे असे घडत नाही’ हा समज निराधार ठरविला व २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमास पाठबळ मिळाले. त्यानुसार असा अपराध माहीत असून न कळविणे हाही गुन्हा आहे. आरोपी बहुधा परिचयातील असल्याने घरचे लोक मात्र अजूनही अनेकदा मौन पाळतात. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवून मृत्युदंडापर्यंत नेल्यावर आप्ताविरुद्ध बोलण्यातील ही अडचण अधिकच कठीण झाली, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

शाळेतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने बंदी आहे. घरातील मारहाणीबाबत तशी स्पष्ट बंदी नाही. हेळसांडीबाबत कायद्यापेक्षा सोयींचे महत्त्व अधिक असते. ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून सहा-सहा महिने बाहेर पडणाऱ्या मजुरांच्या मुलांची आबाळ आईबापांच्या निष्काळजीपणातून होत नाही. अशा मुलांसाठी गावातच काढलेली हंगामी वसतिगृहे हे हेळसांडीच्या प्रतिबंधाचे प्रत्यक्ष उदाहरण होय. ती वेळेवर सुरू होणे व त्यांना अनुदान मिळणे हे जिल्हा व राज्य पातळीवरील निर्णयांवर अवलंबून असते, आणि त्यांस विलंब झाला, की मुले फडावर जातात.