सत्र संपले, पोरे घरी आली!

कॉलेजचे सत्र संपले की पोरगी वळकटी घेऊन एस.टी.तून उतरते. "पेपर कसे गेले?" हे आपण विचारतोच. विचारावेच; फी उसाच्या बिलातून गेलेली असते! पण वसतिगृहात भाकरी कोण थापत होते, फॉर्मची मुदत टळत आली तेव्हा कोणत्या कारकुनाने खिडकी उघडी ठेवली, हेही विचारा.

साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली काढले, 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. त्याच्या कितीतरी आधी वसतिगृहातले धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांसाठी मंगळसूत्रही दिले. पगारी नव्हत्या त्या. आजच्या स्वयंपाकीणबाईंचे निदान नाव तरी घरात माहीत असावे! सुट्टी संपून पोरगी निघाली की त्यांच्यासाठी शेंगांची पुरचुंडी बांधून द्या.