मानसशास्त्र घेतलंय? मग माझ्या मनातलं ओळख!

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलं की हा प्रश्न एखादी मावशी विचारतेच. मन ओळखणं सोडून बाकी बरंच शिकवतात हो!

सुरुवात हमखास लाइपझिगपासून. १८७९ साली विल्हेल्म वुंटने तिथे प्रयोगशाळा काढली आणि मानसशास्त्राने तत्त्वज्ञानापासून वेगळी चूल मांडली. (आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६मध्ये विभाग सुरू झाला.) मग मेंदू, संवेदन, अध्ययन, स्मृती. फ्रॉइड येतो, पण लोकांना वाटतो तेवढा नाही.

माझा जीव मात्र प्रात्यक्षिकांत. १९३५चा स्ट्रूपचा प्रयोग घरीच करून बघा. स्केचपेनं घ्या. हिरव्याने 'लाल' लिहा, निळ्याने 'पिवळा', लालने 'हिरवा', असे वीसेक शब्द. आता शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग मोठ्याने सांगायचा. मोबाइलवर वेळ लावा. तिसऱ्या-चौथ्या शब्दाला जीभ अडखळतेच! वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ठरवूनही थांबवता येत नाही. अजून अक्षरओळख न झालेल्या पोराला बसवा. ते धडाधड रंग सांगतं आणि आपण बघत राहतो.

संख्याशास्त्राला घाबरून विषय सोडणारे मला भेटलेत. अहो, सुरुवातीला सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध एवढंच. दोन गोष्टी जोडीने वाढल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की फॅमिली ग्रुपवरचे निम्मे आरोग्य-फॉरवर्ड वाचताना हसू येतं.