सापाच्या कातडीवरची नक्षी

ब्राझील, सुरिनाम आणि फ्रेंच गयाना यांच्या सीमाभागात वायाना लोकांची वस्ती आहे. त्यांच्या टोपल्यांवरची नक्षी कोणा कारागिराला सुचलेली नाही, असे ते सांगतात. तुलुपेरे नावाचा एक महाकाय, सापासारखा जलचर नदीत होड्या उलटवून माणसे गिळायचा. वायाना आणि शेजारच्या अपालाई लोकांनी मिळून त्याला ठार केले, तेव्हा त्याच्या कातडीवरचे आकार त्यांनी नीट पाहून ठेवले. तेच आकार आजही काळ्या-तांबड्या कामट्यांतून विणले जातात. म्हणजे शत्रूच उपयोगी पडला!

टोपल्यांचे विणकाम पुरुषांचे, सूतकताई आणि झोपायच्या झोळ्या विणणे बायकांचे. कामट्या अरुमा या वनस्पतीच्या लांब, सरळ दांड्यांच्या.

या विणकामातली सर्वात हुशारीची वस्तू मात्र नक्षीची नाही. तिपिती ही माणसाच्या उंचीएवढीही होऊ शकणारी तिरपी विणलेली नळी. कसावा या कंदाच्या कडू जातीत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. किसलेला कसावा नळीत ठासून ती टांगायची आणि खालचे टोक ओढायचे. नळी लांबते, आतून आवळते आणि विषारी रस गळून जातो. ना खिळा, ना स्क्रू. उरलेल्या चोथ्याच्या भाकऱ्या होतात.

आपला उपासाचा साबुदाणा याच कसाव्याच्या स्टार्चपासून बनतो.