‘याला भूल सोसेल ना?’

डाउन सिंड्रोम असलेलं मूल भूलपूर्व तपासणीला आलं, की आईचा पहिला प्रश्न हाच असतो. सोबतच्या आजीचं तर ठरलेलंच असतं : अशा मुलांना भूल देऊच नये.

या समजापायी किडलेले दात तसेच राहतात, वाढलेल्या टॉन्सिलमुळे रात्री श्वास अडत राहतो. हृदयातलं मोठं छिद्र बुजवायला उशीर झाला, तर फुफ्फुसांतला दाब वाढून पुढे शस्त्रक्रियाच अशक्य होऊ शकते. भूल या मुलांना देता येते. जोखीम जास्त असते खरी, पण ती कुठे दबा धरून बसते हे आम्हाला ठाऊक असतं.

सुमारे निम्म्या मुलांत जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून आम्ही इकोचा रिपोर्ट मागतो. पण ‘इको नॉर्मल, म्हणजे निर्धास्त’ हेही चूक. निर्दोष हृदयाच्या मुलांतही सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू हुंगवताना ठोके मंदावतात. मास्क लावला की थोड्याच वेळात मॉनिटरच्या दोन ‘टिक्‌’मधलं अंतर वाढू लागतं. मग मी हनुवटी उचलून श्वास मोकळा ठेवते, वायू कमी करते. ठोके बहुधा सावरतात. ठोके वाढवणारं अॅट्रोपिन सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं असतंच. ते या मुलांना चालत नाही, असं एके काळी डॉक्टरही मानत; अभ्यासात ते टिकलं नाही.

मानेचा एक्स-रे चांगला आला, की पालकांचा जीव भांड्यात पडतो. मात्र वरच्या दोन मणक्यांमधला सैलपणा त्यात दिसेलच असं नाही. मला जास्त सांगून जातात ती घरची निरीक्षणं : चाल बदलली का, हातातून वस्तू निसटतात का, लघवीवरचा ताबा गेला का. तक्रार नसली तरी मान आम्ही मधोमधच ठेवतो. कानाच्या ऑपरेशनला डोकं वळवण्याऐवजी टेबल कलतं करतो. श्वासनळीही अरुंद असते, म्हणून वयाच्या हिशेबापेक्षा बारीक नळी घालतो.

‘या मुलांना दुखत नाही’ हा समज मला सर्वांत क्रूर वाटतो. त्यांना दुखतं, सांगायला वेळ लागतो, नेमकी जागा दाखवता येत नाही. एका आईने मला सांगितलं, ‘दुखलं की हा रडत नाही, खालचा ओठ चावतो.’ ते वाक्य मी केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि रिकव्हरीतल्या सिस्टरना वाचून दाखवलं.