तीन पांढरे तुकडे

रोमन लोक घरांच्या आणि स्नानगृहांच्या जमिनीवर रंगीत तुकडे शेजारी शेजारी बसवून चित्रे करीत. त्यांना कुट्टिमचित्रे किंवा मोझेक म्हणतात. यांतले सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे अलेक्झांडर आणि इराणचा राजा दारियस यांची लढाई. इटलीतील पॉम्पेई शहरातल्या एका वाड्यात ते १८३१ साली सापडले आणि आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्याची लांबी सुमारे पावणेसहा मीटर आहे आणि त्यात दहा लाखांहून अधिक तुकडे आहेत.

अशी चित्रे शतकानुशतके वापरली गेली, फुटली, पुन्हा दुरुस्त झाली. म्हणून जतन करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो, कोणता तुकडा मूळचा आणि कोणता नंतरचा? येथे चूक झाली तर मूळ तुकडा निघून जाईल आणि दुरुस्तीचाच तुकडा जपला जाईल. डोळा येथे फारसा उपयोगी पडत नाही. समजा, वेगवेगळ्या चित्रांतले तीन पांढरे तुकडे आपल्यापुढे आहेत. एक चुनखडीचा, दुसरा संगमरवराचा, तिसरा अपारदर्शक काचेचा. हे ओळखायचे कसे?

पहिली चाचणी आपण वर्गात करू शकतो. शहाबादी फरशी ही चुनखडीच आहे. तिच्या कपच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब शिक्षकांनी स्वतः टाकावा. बुडबुडे येतात, कारण कॅल्शियम कार्बोनेटपासून कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो. संगमरवरावरही बुडबुडे येतात, काचेवर येत नाहीत. म्हणजे काच वेगळी झाली. अर्थात, संग्रहालयातील चित्रावर आम्ल टाकणे म्हणजे ते खराब करणेच होय. तेथे वेगळ्या पद्धती लागतात.

चुनखडी आणि संगमरवर यांचे रासायनिक घटक जवळजवळ सारखेच असतात. फरक रचनेत आहे. सुट्या झालेल्या तुकड्याचा मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की संगमरवरात एकमेकांत घट्ट अडकलेले स्फटिक दिसतात. चुनखडीत बहुधा बारीक कण आणि सूक्ष्म शिंपल्यांचे अवशेष. संगमरवर कोणत्या खाणीतला, हे शोधण्यासाठी त्यातील कार्बन व ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजतात. दोन खाणींची प्रमाणे कधी कधी जुळतात, म्हणून स्फटिकांचा आकारही पाहावा लागतो.

आता काचेचा तुकडा. त्यावर क्ष-किरण सोडले, की अणूच्या आतील कक्षेतला इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. त्या रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन येतो आणि नवा क्ष-किरण बाहेर पडतो. त्याची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्यासाठी ठरलेली असते. हे उपकरण हातात धरून चित्रापाशी नेता येते आणि चित्राला धक्का लागत नाही. मात्र ते पृष्ठभागाजवळचाच थर पाहते आणि सोडियमसारखी हलकी मूलद्रव्ये त्याला नीट दिसत नाहीत.

समजा, त्यात अँटिमनी आढळले. पण ते कोणत्या संयुगात आहे? येथे रामन वर्णपटमिती मदतीला येते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली जाहीर केलेल्या परिणामावर ती आधारलेली आहे. विखुरलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेतील बदलावरून संयुग ओळखता येते. काचेत कॅल्शियम अँटिमोनेटचे बारीक स्फटिक असतील, तर ती पांढरी व अपारदर्शक होते. शिसे आणि अँटिमनी यांच्या संयुगाने ती पिवळी होते.

येथून काळाचा धागा हाती लागतो. रोमन कारागीर काच अपारदर्शक करण्यासाठी अँटिमनी वापरत. साधारण इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून तेथे कथिलाची संयुगे वापरात येऊ लागली. पॉम्पेई तर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा तेथील चित्रात कथिलाने पांढरा केलेला काचेचा तुकडा मिळाला, तर तो दुरुस्तीचा असण्याची शंका घ्यावी लागते. क्रोमियमने मुद्दाम हिरवी केलेली काच त्याहूनही नवी, कारण क्रोमियमचा शोध १७९७ सालचा आहे.

याच्या उलट निष्कर्ष मात्र तितका सरळ नाही. सहाव्या शतकातल्या चित्रात अँटिमनी मिळाले, म्हणून ते चित्र जुने ठरत नाही. जुन्या इमारतींतील काचेचे तुकडे काढून पुन्हा वापरण्याची किंवा वितळवण्याची पद्धत होती. तुकड्याचे वय आणि चित्राचे वय ही दोन वेगळी उत्तरे आहेत. म्हणून एका तुकड्यावर विसंबून चालत नाही. अनेक तुकडे, त्यांच्या खालचा चुना आणि उत्खननातील नोंदी एकत्र पाहाव्या लागतात.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना तीन पांढऱ्या वस्तू द्याव्यात: खडू, संगमरवराचा कपचा आणि चिनी मातीच्या बशीचा तुकडा. प्रत्येकाविषयी कोणता प्रश्न कोणत्या चाचणीने सुटेल आणि कोणता सुटणार नाही, हे त्यांनाच लिहून काढू द्यावे.